मेहुण्याच्या टीव्हीवरचं शटल

...आणि वर मलाच विचारतो, "काय भावोजी, कसं दिसतंय?" कसं दिसतंय म्हणजे? अरे, दिसलं तर सांगू ना! अख्खी भिंत खाल्लीय त्या टीव्हीने. आधी तिथे खिडकी होती, खिडकीतून निदान समोरच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालताना स्पष्ट दिसायच्या, कुठल्या टॉवेलला भोक आहे तेसुद्धा कळायचं. ती खिडकी कायमची बंद केली, तिथे हे काळं फाटक ठोकलं, आणि आत दिसतंय काय? धुकं! धुक्यात खाली काहीतरी हिरवं, वर काहीतरी करडं, मध्ये एक पिवळा ठोकळा हलतोय, आणि हा त्या ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "तो मी!" चित्र सुधारलं म्हणे!

थांबा, थांबा, मी मध्येच सुरू झालो. डोकं तापलंय ना, म्हणून. पहिल्यापासून सांगतो, तुम्हालाच सांगतो, कारण आमच्या घरात आता हा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

हा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तरुणपणी बॅडमिंटन खेळायचा. चांगला खेळायचा. मी वाईटाला वाईट म्हणतो तसं चांगल्याला चांगलंही म्हणतो, फक्त जरा हळू आवाजात. तर हा एका मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि तो सामना टीव्हीवर दाखवणार होते. आमचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलेलं, म्हणून होणारा जावई या नात्याने मलाही बोलावणं होतं. मी आपला कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, म्हटलं चार टाळ्या वाजवू, सासरेबुवांच्या नजरेत भरू आणि परत येऊ. तर तिथे ही पळापळ! रेषेवरचा पंच आलाच नव्हता. रेषेवरचा पंच म्हणजे काय, तर मैदानाच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचं आणि शटल, म्हणजे ते पिसांचं फूल हो, रेषेच्या आत पडलं की बाहेर पडलं, एवढंच सांगायचं. आणि माझं नाव कुणी पुढे केलं? सासरेबुवांनीच! लक्षात ठेवा हं, त्यांनीच, छाती फुगवून! "आमचे जावई सरकारी मोजणीदार आहेत! रेषा बघणं हा तर त्यांचा धंदाच!" की बसवलं मला खुर्चीत.

आणि धंदा आहेच माझा तो! आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या मी. दोन सख्खे भाऊ हातात फावडी घेऊन एकमेकांसमोर उभे, मध्ये मी फीत घेऊन उभा, आणि मी म्हटलं हद्द इथे, तर हद्द तिथे! फावडी खाली! असा माणूस खुर्चीत बसलाय. सामन्याचा शेवटचा गुण. मेहुण्याने उडी मारून असा काही फटका हाणला की समोरचा जागचा हललासुद्धा नाही, नुसता बघत राहिला... शटल गेलं, गेलं, गेलं आणि पडलं. बाहेर! मी दोन्ही हात पसरले. बाहेर म्हणजे बाहेर. त्यात काय मेहुणा आणि काय कोण?

झालं! मेहुणा हरला. त्या दिवसापासून आजपर्यंत तुम्हाला सांगतो, सासुरवाडीत मी पाहुणा नाही, आरोपी आहे. कुणी म्हणालं, जावयाला दिसलंच नाही. कुणी म्हणालं, दिसलं, पण टीव्हीवर प्रामाणिकपणा मिरवायचा होता, म्हणून घरच्याच माणसाचा बळी दिला. लग्न मोडलं नाही ते केवळ पत्रिका छापून झाल्या होत्या म्हणून. सासरेबुवा गेले बिचारे, पण जाईपर्यंत मला जेवायला वाढताना म्हणायचे, "वाढू का आणखी, की रेषेच्या बाहेर जाईल?" आणि मेहुण्याने पुढे खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं. तिथे कुणी रॅकेट घ्यायला आलं की त्याला आधी माझी गोष्ट ऐकावी लागते. मग रॅकेट मिळते. गावात मला न पाहिलेली माणसं मला शिव्या देतात!

माझ्या बाजूने एकच माणूस. माझी बायको. ती त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती, अगदी त्या रेषेसमोर. भाऊ ओरडू दे, वडील टोमणे मारू देत, ती आपली हातातलं काम न सोडता म्हणणार, "मी समोर होते. बाहेरच होतं." बस. आवाज चढवणं नाही, काही नाही. सख्ख्या भावाच्या विरोधात, सांगा मला, किती बायका बोलतील? मी म्हणायचो, जग गेलं खड्ड्यात, एका माणसाने पाहिलंय ना? पुरे.

आता तुम्ही म्हणाल, सामना टीव्हीवर दाखवला होता, मग बघायचा आणि मोकळं व्हायचं. बघितला ना! सासरेबुवांनी कॅसेट करून घेतली होती. पण तेव्हाचा टीव्ही म्हणजे तो पोट पुढे आलेला डबा, त्याचा पडदा एवढासा, त्यात मैदान तळहाताएवढं, शटल म्हणजे पांढरा ठिपका आणि रेष म्हणजे पांढरा दोरा. मेहुण्याला ठिपका दोऱ्याच्या आत दिसायचा, मला बाहेर दिसायचा, वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, म्हणायची, "मला तर ठिपकाच दिसत नाही." निकाल लागायचाच नाही. आणि तुम्हाला सांगतो, निकाल लागत नव्हता म्हणूनच घर चाललं होतं! भांडायचं, चहा प्यायचा, घरी यायचं. काय वाईट होतं?

पण नाही! मेहुण्याने हा टीव्ही घेतला. कॅसेटची तबकडी करून आणली. आणि मला फोन. "भावोजी, रविवारी या. ताईला आणा. आता एकेक पीस दिसणार शटलचं. ज्याची चूक निघेल त्याने सगळ्यांसमोर माफी मागायची. कबूल?" म्हटलं, कबूल! हजारदा कबूल! मला कसली भीती? बायको म्हणाली, "कशाला उकरून काढता? राहू दे ना." मी म्हटलं, "तू पाहिलंयस ना?" ती म्हणाली, "पाहिलंय हो." म्हटलं, "मग चल!"

गेलो. आधी आम्हाला तासभर त्या टीव्हीबरोबर आलेलं नमुन्याचं चित्र दाखवलं. पोपट! काय तो पोपट... त्याच्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या दिसतात, चोचीवरचा ओरखडा दिसतो, पोपटाची तब्येत बरी नाही हेसुद्धा कळतं. मग एक पाण्याचा थेंब, तो पानावरून घरंगळतोय, घरंगळतोय... सासूबाई म्हणाल्या, "पुसा रे कुणीतरी, खाली गालिचा आहे." मेहुणा माझ्याकडे असा बघतोय की जणू तो पोपट त्यानेच अंडं उबवून काढलाय. "बघितलंत ना भावोजी? असं दिसतं ह्याच्यात! आता लावू का?" म्हटलं, लाव.

लावली तबकडी. आणि काय सांगू... बाथरूमच्या फरशा असतात ना, चौकोनी चौकोनी, तशा फरशांची माणसं! फरशांची माणसं फरशांच्या मैदानावर फरशा उडवतायत! पोपटाची सुरकुती दिसणाऱ्या टीव्हीवर माझ्या मेहुण्याला नाक नाही! मघाशी म्हटलं ना, पिवळा ठोकळा, तो हा. जुन्या डब्यात निदान माणूस माणसासारखा दिसायचा. सासूबाई जवळ गेल्या, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "ह्याला आजारी असताना खेळवलं होतं का?" चित्र सुधारलं म्हणे!

मग सुरू झाली सुधारणा. मेहुण्याच्या हातात रिमोट, आणि त्याच्या चेहऱ्यावर, काय सांगू, शस्त्रक्रिया करायला निघाल्यासारखा भाव. पहिलं बटण दाबलं, चित्र आडवं ताणलं गेलं, अख्ख्या पडद्यावर पसरलं. म्हणतो, "आता पूर्ण भरलं!" भरलं? अरे, टोकाला खुर्चीत बसलेला मी, तेव्हा काडीसारखा होतो हो मी, तो मी आता खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी ओघळतोय! वहिनी म्हणते कशी, "अय्या, भावोजी तेव्हापासूनच असे आहेत होय?" आणि मेहुणा त्या ताणलेल्या चित्रात काय बघतो? बाजूची रेष! "बघा, बघा, रेष किती रुंद आहे! एवढ्या रुंद रेषेवर पडलेलं शटल आतच धरतात!" माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, अरे, नकाशा ओढून मोठा केला की जमीन वाढते का? आणि शटल पडलं मागच्या रेषेपाशी, तू दाखवतोयस बाजूची! तसं असतं तर माझ्या कचेरीसमोर रांग लागली असती, ओढा साहेब जरा आमचा सातबारा! 

शेवटी मीच रिमोट हिसकावला आणि चित्र मूळ आकारात आणलं. मग दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. त्यावरून वहिनी चिडली. "म्हणजे एवढी जागा वायाच? मग एवढा मोठा कशाला आणला? पट्ट्यांचे पैसे कंपनी परत देणार का?" सासूबाई म्हणतात, "पडदे पूर्ण उघडा ना रे, अर्धवट का ठेवलेत?" आणि माझी बायको कोपऱ्यात बसून शेंगा सोलतेय आणि म्हणतेय, "कशाला बघताय पण? मी समोर होते. बाहेरच होतं." बघा! बघा तिचा विश्वास!

मेहुणा ऐकतोय थोडाच? त्याला आणखी एक बटण सापडलं. चित्र धारदार करायचं! धार म्हणे! वाढवली त्याने धार, वाढवली, वाढवली, शेवटच्या टोकाला नेली. प्रत्येक माणसाभोवती पांढरी कड आली, कुणीतरी कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. आणि रेषेलासुद्धा कड आली! म्हणजे एका रेषेच्या दोन रेषा झाल्या! शटल एका रेषेच्या बाहेर आणि दुसरीच्या आत! मेहुणा म्हणतो, "आतली खोटी, बाहेरची खरी." मी म्हणतो, "बाहेरची खोटी, आतली खरी." तुम्हाला सांगतो, एका हद्दीवरून भांडणारे भाऊ मी खूप पाहिले, पण दोन हद्दी तयार करून भांडणारे आम्हीच पहिले असू. चित्र सुधारलं म्हणे!

मग त्याने कंपनीच्या माणसाला बोलावलं. रविवारी! तो आला, पायमोजे घालून, गळ्यात ओळखपत्र, गोड बोलणारा. ही गोड बोलणारी माणसं मला अजिबात चालत नाहीत. मी म्हटलं, "पोपट एवढा चांगला दिसतो, मग माणूस का दिसत नाही?" तर म्हणतो, "सर, पोपट नवीन आहे ना सर. तुमचं कंटेंट जुनं आहे सर." म्हटलं, मी पण जुना आहे, मग मीही पुसट दिसतो का? "तसं नाही सर. जुन्या चित्रात ठिपके कमी असतात सर, पडद्यावर जागा जास्त. मग मधली जागा टीव्ही स्वतःच भरतो सर." कशाने भरतो? "अंदाजाने सर."

अंदाजाने! ऐकलंत? अंदाजाने!! अरे, मी एकदा जरी अंदाजाने हद्द दाखवली असती तर लोकांनी मला तिथेच हद्दीच्या दगडाच्या जागी पुरलं असतं! आणि हा टीव्ही माझ्या शटलच्या बाजूला मनानेच काहीतरी भरतोय, आणि त्यावर माझा निवाडा! मी म्हटलं, "अहो, मग ह्याला दूरदर्शन कशाला म्हणता, ज्योतिष म्हणा!" तर तो हसला. सगळ्यालाच हसतो तो. म्हणाला, "सर, थोडा कचरा आहे चित्रात. तो साफ करून देतो." आणि त्याने कुठलंसं कचरा काढायचं बटण सुरू केलं.

झालं ना साफ! एकदम गुळगुळीत! मैदान गुळगुळीत, भिंत गुळगुळीत, मेहुण्याचा चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. सगळे श्वास रोखून बसलोय. मेहुण्याने उडी मारली... फटका हाणला... आणि शटल नाही! नाहीच! त्या टीव्हीने शटलच कचरा म्हणून काढून टाकलं! आता डोळ्यांसमोर आणा... एक माणूस हवेत उडी मारून हवेला फटकावतोय, समोरचा त्या हवेकडे बघतोय, आणि टोकाला मी, गंभीर चेहऱ्याने रिकाम्या जमिनीकडे वाकून बघतोय आणि दोन्ही हात पसरतोय! आणि मग तो पिवळा साबण धावत येऊन माझ्या अंगावर ओरडतोय! कशाबद्दल? काहीच पडलेलं नाही! वहिनी हसून हसून जमिनीवर. आणि कंपनीचा माणूस म्हणतो, "पण सर, पिक्चर बघा किती क्लीन आहे." चित्र सुधारलं म्हणे!

मी म्हटलं, आण ते शटल परत! आत्ताच्या आत्ता आण! तर त्याने ते बंद करून दुसरंच काहीतरी चालू केलं, म्हणे हालचाल सुरळीत होते. सुरळीत? मेहुणा तेलात पोहल्यासारखा हलायला लागला, आणि शटल आलं, पण एक गेलं होतं, दोन आली! मागचं पुढच्याचा पाठलाग करतंय! मेहुणा ओरडला, "आतलं माझं!" मी म्हटलं, "म्हणजे बाहेरचं पण तुझंच ना?" एवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन वाजला, का त्यानेच वाजवला देव जाणे. त्याने सगळं पहिल्यासारखं करून टाकलं, सगळ्या सुधारणा बंद, "फीडबॅक चांगला द्या हं सर" म्हणाला आणि पायमोज्यांवर घसरत पसार झाला.

आता मेहुणा पेटला. तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावतोय. शटल पडायच्या क्षणी थांबवतोय, पडद्याला नाक लावतोय, एवढं जवळ की आम्हाला फक्त त्याचं डोकं दिसतंय, आणि एकदम किंचाळला, "सापडलं! हे बघा! हे बघा! रेषेच्या आत! पांढरंशुभ्र!" आम्ही सगळे धावलो. आणि खरंच हो... रेषेच्या आत, हिरव्यावर, एक पांढरा ठिपका! स्वच्छ! मी म्हटलं, असं कसं? माझे डोळे? इतकी वर्षं? मेहुण्याचे डोळे भरून आले, शपथेवर सांगतो, तो म्हणाला, "बाबा असायला हवे होते." सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि वहिनी, ती मुलखाची टापटिपीची, हातात फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "किती बोटं लावलीत काचेवर," आणि पुसली काच. ठिपका गेला! फडक्यावर आला! थर्माकोल! टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा कण चिकटला होता काचेला! ह्या माणसाचे अश्रू थर्माकोलसाठी होते!

मी हसलो. नको होतं हसायला, मान्य. पण तुम्ही हसला नसता? मी एवढंच म्हणालो, "दुकानात ठेव तो कण, गिऱ्हाइकांना दाखव." तर तो ताडकन उठला आणि मला म्हणाला, सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हाला तेव्हाही दिसलं नव्हतं. अशीच मोजणी केली असणार तुम्ही आयुष्यभर. किती लोकांच्या जमिनी बुडवल्यात, देव जाणे."

आता हे... हे मात्र नाही. शटलबद्दल बोल, माझ्या पोटाबद्दल बोल, पण माझी मोजणी? वादाच्या दोन्ही बाजूंनी मला शिव्या दिल्यात लोकांनी, पण खोटं मोजलं असं एकाही माणसाने म्हटलेलं नाही. लागलं हो मला. खरंच लागलं. मी उठलो. बायको मागून म्हणतेय, "अहो, बसा. त्याचं काय ऐकता? मी पाहिलंय ना." ते एक वाक्य नसतं ना, तर मी त्या टीव्हीत खुर्चीच घातली असती. तरातरा निघालो, दिवाणखाना संपला, बोळ संपला, दार उघडलं, जिन्याच्या तोंडाशी आलो. आता माणूस रागाने निघून जातो तेव्हा चपला मिळायला नकोत? एक मिळाली, दुसरी नाही! रागाने निघालेल्या माणसाने एका पायावर उभं राहून चपलांच्या ढिगात उकरत बसायचं... वाकलो, शोधली, आणि सापडली म्हणून मान वर केली, सहज, दारातून आत बघितलं.

आणि काय सांगू तुम्हाला! तिथून, बोळाच्या पलीकडे, लांबवर तो टीव्ही, केवढासा दिसत होता, पाटीएवढा, आणि त्यात... चित्र! स्वच्छ! फरशा नाहीत, धुकं नाही, कडा नाहीत! मेहुण्याला नाक आलेलं! तोच तुकडा मेहुण्याने पुन्हा फिरत ठेवला होता. त्याने उडी मारली, फटका हाणला, शटल एकच, पिसांसकट एकच, गेलं, गेलं आणि पडलं. मी चप्पल हातात घेऊन ओरडलो, "बाहेर या! सगळे बाहेर या! कुणी काही दाबू नका, नुसते बाहेर या!"

आले सगळे. जिन्याच्या तोंडाशी, चपलांवर उभे, दाटीवाटीने. वरून उतरणाऱ्या शेजारीणबाई म्हणाल्या, "काय हो, काही झालं का आत?" मेहुणा म्हणाला, "टीव्ही बघतोय." एवढा मोठा टीव्ही, आणि तो बघायला घराबाहेर यावं लागतं! चित्र सुधारलं म्हणे! पण बघितला. सगळ्यांनी बघितला. शटल पडलं, रेष इकडे, शटल तिकडे, आणि मध्ये हिरवी जमीन. चांगली बोटभर हिरवी जमीन! कुणी अंदाजाने भरलेली नाही, खरी! पुन्हा फिरलं. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "बाहेरच पडलं की रे फूल." मेहुणा माझ्याकडे न बघता, गळ्यातल्या गळ्यात म्हणाला, "बाहेर आहे. चुकलं माझं, भावोजी. मोजणीचं बोललो तेही चुकलं."

इतकी वर्षं! इतकी वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली! मी असा ताठ झालो, छाती अशी पुढे, हातात अजून ती चप्पल, आणि वळलो कुणाकडे? बायकोकडे! जिने सगळ्या जगाविरुद्ध मला धरून ठेवलं, तिच्याकडे! म्हटलं, हिला आज किती आनंद झाला असेल! बघतो तर ही टीव्हीकडे डोळे फाडून बघतेय, हात गालावर, तोंड उघडं, आणि म्हणाली... मोठ्याने म्हणाली, सगळ्यांसमोर...

"अगंबाई! खरंच बाहेर होतं की!"

खरंच?

खरंच म्हणजे काय? तुम्ही मला सांगा, जिने पाहिलंय ती "खरंच" म्हणेल का? मेहुणा माझ्याकडे बघायला लागला. वहिनी जिन्याच्या कठड्याकडे बघायला लागली. आणि मेहुण्याने, ज्याने आत्ताच माझी माफी मागितली होती त्याने, माझ्या खांद्यावर हात ठेवला! ह्या माणसाला माझी कीव आली हो! मी म्हटलं, चला, निघू या.

घरी येताना वाटेत विचारलं. म्हटलं, "तू पहिल्या रांगेत होतीस." म्हणाली, "होते ना." "मग पाहिलं नव्हतंस?" "पाहिलं होतं हो. मला तर चांगलं आतच दिसलं होतं." आणि किती सहज, तुम्हाला सांगतो, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत! "पण लग्न ठरलेलं. म्हटलं, आता आपल्या माणसाला नीट दिसत नाही, तर नाही दिसत. सांभाळून घ्यायला नको?" म्हणजे जिच्या साक्षीवर मी जगाशी भांडत होतो, तीच मला मनातून आंधळा समजून हाताला धरून चालवत होती! मग रस्ताभर ती बोलत होती. खुशीत होती. कोपऱ्यावर टीव्हीचं दुकान आहे, तिथे थांबली, काचेतून आतला पोपट बघितला, आणि म्हणाली, "अहो, लांबून किती स्वच्छ दिसतं नाही? आपणही घेऊ या का असा मोठा?"

मी म्हटलं, "नको गं बाई. आपल्या लग्नाची कॅसेट आहे घरात. त्यात तू हसतेयस असं वाटतं... तेवढं वाटू दे."